बहाल म्हंजी काय रं?

आज ॲप नाही, कोड नाही. आज एकच शब्द: बहाल.

झालं असं की, दिवाळीत सास्तूरला गेलो होतो. आजोबांच्या पश्चात शेत आणि भूकंपानंतर मिळालेलं घर, दोन्हीची कागदपत्रं करायची होती. पप्पा, मी आणि आत्या तालुक्याला गेलो. बाँड लिहिणाऱ्या काकांनी मसुदा वाचून दाखवला, "मी माझा हिस्सा भावास राजीखुशीने बहाल करीत आहे." आत्या अंगठ्याच्या काळात वाढलेली नाही, सातवी शिकलीय. ती मला हळूच म्हणाली, "बहाल म्हंजी काय रं? परत मागता येतंय का?"

मी बीटेक. डेटाबेसमध्ये रोज ग्रँट लिहितो. पण मला पटकन सांगता आलं नाही.

आधी शब्द बघू. फारसीतला 'ब' आणि अरबीतला 'हाल', म्हणजे स्थिती. आपण हालहवाल विचारतो ना, तोच हाल. बहाल म्हणजे आहे त्या स्थितीत, पहिल्यासारखं. हिंदीत अजून तोच अर्थ आहे: निलंबित कर्मचारी बहाल झाला, म्हणजे परत कामावर आला. गेलेली वीज बहाल होते, म्हणजे परत येते.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं इनामांची चौकशी व्हायची, आणि निकालाचा कागद म्हणजे मुंतखब. मराठवाड्यातल्या देवस्थानच्या जमिनींच्या वादात हा शब्द आजही ऐकू येतो. त्या भाषेत इनाम बहाल म्हणजे तुमचं होतं ते तुमच्याकडंच ठेवलं, आणि जप्त म्हणजे गेलं.

मराठीत मात्र बहालची दिशा फिरली. पदवी बहाल केली, मानपत्र बहाल केलं. वरून कुणीतरी खाली देतंय. म्हणून पेपरात 'मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत हक्क बहाल' असं छापलं की कुणीतरी उपकार केल्यासारखं वाटतं.

आता आत्याकडं येऊ. वडिलांच्या स्वतःच्या मालकीचं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना सहहिस्सेदार केलं, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली सोडून. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

म्हणजे आत्याचा हिस्सा तिला आम्ही देत नव्हतो. तो होताच. जुन्या अर्थानं बघाल तर बहाल करायचं होतं ते आम्ही. मसुद्यात उलटंच लिहिलं होतं.

आणि ग्रँटचं म्हणाल, तर डेटाबेसमध्ये मी कुणाला परवानगी दिली तर माझी जात नाही, आणि दिलेली मी रिव्होक करू शकतो. फोनवर 'अनुमती द्या' दाबलं तरी सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. आत्या सही करणार होती ते यातलं काहीच नव्हतं. ते हक्कसोडपत्र होतं. नोंदणी झाल्यावर मन बदललं म्हणून मागं घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर कोर्टात जायचं आणि सिद्ध करायचं, बस.

मी हे सगळं तिथंच बाकड्यावर सांगितलं. पप्पा काहीच बोलले नाहीत. काका म्हणाले, "अहो, सगळे असंच लिहितात." आत्यानं चष्मा काढून पिशवीत ठेवला. "सोडायचं का नाही ते मी बघते. पण सोडते असंच लिवा, बहाल नको."

त्या दिवशी सही झाली नाही. येताना एसटीत पप्पा पुढच्या सीटवर बसले. आत्या माझ्या शेजारी होती, भूकंपाच्या आधी आमचं घर कुठं होतं ते खिडकीतून दाखवत. मसुदा माझ्या फोनमध्ये आहे, अजून दुरुस्त केलेला नाही.