उंबरठ्याच्या आंत

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सायंकाळच्या सभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं गेल्या पंचवीस वर्षांतील देवाच्या उपकारांचें स्मरण करावें, ज्यांनीं या मंदिरासाठीं विटा वाहिल्या त्यांचीं नांवें आदरानें उच्चारावीं आणि थोडक्यांत आटोपावें, असा माझा मूळ बेत होता. तें स्मरण सकाळच्या मिस्सेंत झालें. आतां जें बोलणार आहें तें मला महोत्सवाच्या हिशेबावरून सुचलें.

वर्गणीकरितां आपल्या समितीचे लोक जोडीजोडीनें पावतीपुस्तकें घेऊन निघाले आणि तीन रविवारांत एकूणएक ख्रिस्ती घर गांठून आले. औद्योगिक वसाहतीमागील चाळी, नाल्यापलीकडच्या खोल्या, कांहींच सुटलें नाहीं. त्यांनीं आणलेली यादी घेऊन मी एका रात्रीं बसलों आणि रविवारीं मिस्सेस दिसणाऱ्या कुटुंबांशीं ती ताडून पाहिली. जवळजवळ तिसरा हिस्सा कुटुंबें कित्येक महिन्यांत देवळाकडे फिरकलीं नव्हतीं. वर्गणी मात्र त्यांतील बहुतेकांनीं दिली होती. रस्ते आपल्याला ठाऊक आहेत आणि दारेंहि ठाऊक आहेत. पैशाकरितां आपण गेलों, माणसाकरितां गेलों नव्हतों, एवढाच त्या यादीचा अर्थ मला लागला.

आपली मंडळी लहान. कारखान्यांच्या आधारानें जमलेली. कोणी वसईकडचे, कोणी गोव्याचे, कोणी केरळांतून आलेले, आणि संख्येनें अधिक ते नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून पोटासाठीं आलेले. ही मंडळी वाढावी कशी, असें विचारलें तर कोणी म्हणतो, ध्वनिक्षेपक नवा घ्या. कोणी म्हणतो, बाहेरगांवचा नामांकित प्रवचनकार बोलवा. मीहि वर्षानुवर्षें वेदीवरून रविवार पाळण्याचा उपदेश केला, आणि जे रविवार पाळीत होते त्यांनीं तो भक्तिभावानें ऐकला!

या बाबतींत मला शहाणें केलें तें आपल्यांतीलच एका वयस्क भगिनीनें. त्या भाजी विकतात. नांव सांगूं नये अशी त्यांची आज्ञा आहे, म्हणून आपण त्यांना मावशी म्हणूं. नगरकडील एक कुटुंब चार वर्षें देवळांत येत नव्हतें. मीं त्यांना दोन चिठ्ठ्या पाठविल्या होत्या, आणि एकदां प्रवचनांत, नांव न घेतां पण सर्वांस कळेल अशा रीतीनें, त्यांची कानउघाडणीहि केली होती. तो प्रमाद माझा. मावशी भाजीची पाटी घेऊन त्या चाळींत जात. एके दुपारीं त्यांनीं त्या घरापुढें पाटी उतरविली आणि पाणी मागितलें. घरच्या बाई क्षणभर थबकल्या, मग तांब्या घेऊन आल्या. मावशी पाणी प्यायल्या, आंत जाऊन बसल्या आणि बाईंच्या पुढ्यांतील मेथी निवडूं लागल्या. देवळाचें नांवहि त्यांनीं काढलें नाहीं. असें तीनचार आठवडे चाललें. मग एके दिवशीं बाई आपण होऊनच म्हणाल्या, "सहा वर्षं झाली इथं राहायला येऊन. मंडळीतलं आमच्या घरचं पाणी प्यायलेल्या तुम्ही पहिल्याच."

मग सारी हकीकत निघाली. त्यांच्या मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीं त्यांनीं सैंपाक केला होता आणि ज्यांच्या बांकाशेजारीं ते दर रविवारीं बसत त्या पांच घरांना जेवावयास बोलाविलें होतें. दोन घरचीं माणसें आलीं, मुलाच्या हातांत पाकीट दिलें, जेवण झालें आहे असें सांगितलें आणि उभ्याउभ्याच परतलीं. तीन घरचीं आलींच नाहींत. फादरनाहि बोलावणें होतें. त्या दिवशीं फादरना चार ठिकाणीं जावयाचें होतें. तीन ठिकाणीं ते गेले. चौथें घर हें.

मावशींनीं मला साक्रिस्तींत गांठून हें सांगितलें आणि वर म्हणाल्या, "फादर, चिठ्ठ्या नका पाठवू. तुम्ही जा, आणि जेवायला जा." मी गेलों. तेथें काय बोलणें झालें तें सांगण्यासारखें नाहीं. बहुतेक मीच ऐकत होतों. भाकरी आणि मेथीची भाजी होती. आज त्या बाई व त्यांची मुलगी मिस्सेस येतात. घरधनी अजून येत नाहींत. मुलगा आतां मोठा झाला आहे; तो मला रस्त्यांत नमस्कार करतो, पण थांबत नाहीं.

या घटनेनंतर सेमिनरींत असतांना वाचलेला कोरियाचा इतिहास मीं पुन्हां काढून वाचला. त्या देशांत श्रद्धेचें बीज कोणा मिशनऱ्यानें पेरलें नाहीं. चीनमधून आलेले ख्रिस्ती ग्रंथ कांहीं विद्वान मित्र वाचीत होते. त्यांपैकीं यी ब्योक यांनीं आपला मित्र यी सुंग-हुन यास, तो राजदूतांच्या मेळ्याबरोबर पेकिंगला जात असतांना, तेथील धर्मगुरूंना भेटण्याची गळ घातली. 1784 मध्यें तेथें बाप्तिस्मा घेऊन, पेत्र हें नांव धारण करून, तो परतला आणि त्यानें आपल्या मित्रांना बाप्तिस्मा दिला. मित्रानें मित्राला, भावानें भावाला सांगावें, अशी ही गति. ते जमत किम बोम-उ नांवाच्या दुभाष्याच्या घरीं. 1785 मध्यें ती सभा उघडकीस आली. सरदारांच्या मुलांना समज देऊन सोडलें, पण ज्यानें घर उघडें ठेविलें होतें त्या दुभाष्याचे हाल करून त्यास हद्दपार केलें. सोल नगरांतील म्योंगदोंगचें महामंदिर आज त्याच भागांत उभें आहे. 1794 च्या अखेरीस झोऊ वेनमो हे चिनी धर्मगुरू लपतछपत त्या देशांत शिरले, तेव्हां सुमारें चार हजार श्रद्धावंत त्यांची वाट पाहत होते. तोंपर्यंत तेथें एकहि फादर नव्हता! हें वाक्य वाचून माझ्यासारख्यानें थोडें नम्र व्हावें.

परंतु मला त्या इतिहासांत अधिक लागलें तें एका खाटकाचें चरित्र. ह्वांग इल-ग्वांग हा तेथील अस्पृश्य गणल्या जाणाऱ्या वर्गांत जन्मलेला. ख्रिस्ती झाल्यावर सरदारघराण्यांतील बंधूंनीं त्याला आपल्या बैठकीच्या खोलींत, आपल्या बरोबरीनें बसविलें. तो म्हणे कीं आपल्याला दोन स्वर्ग आहेत, एक मरणानंतरचा आणि एक येथेंच मिळालेला, कारण आपल्यासारख्याला हे लोक असें वागवितात. 1802 मध्यें त्यानें रक्तसाक्ष दिली, आणि 2014 मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं सोल येथें इतर 123 जणांसह त्याला धन्य म्हणून घोषित केलें.

त्याला दुसरा स्वर्ग बैठकीच्या खोलींत सांपडला. आपण देवळांत एका बांकावर बसतों, एकाच पात्रांतून ख्रिस्तप्रसाद घेतों. जातीचें नांव आपल्यांत कोणी उच्चारीत नाहीं, आणि याचा आपल्याला अभिमानहि आहे. पण कोणाच्या घरचें पाणी प्यावें आणि कोणाच्या घरीं "आत्ताच जेवण झालं" म्हणावें, हें न सांगतां सर्वांस कळतें. सभेंत कोणास हें कटु वाटेल. वाटूं द्या, मलाहि तें गिळण्यास चार वर्षें लागलीं.

आतां जाण्याची रीत. 1921 मध्यें डब्लिन शहरांत फ्रँक डफ नांवाच्या सरकारी नोकरानें कांहीं बायकांना जमवून लिजन ऑफ मेरी ही संस्था सुरू केली. तिचे सभासद दोघेदोघे मिळून जातात आणि आठवड्याच्या सभेंत भेटींचा वृत्तांत सांगतात. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: भेटीस जातांना पैसा, धान्य, औषध, कोणत्याहि प्रकारची ऐहिक मदत द्यावयाची नाहीं. आपल्या देशांत, जेथें ख्रिस्ती माणसाच्या हातांतील पिशवीकडे संशयानें पाहिलें जातें, तेथें हा नियम दुप्पट पाळावा. गरजूंना मदत अवश्य करावी, त्यासाठीं आपला वेगळा निधि आहे. पण भेटीची आणि मदतीची गांठ घालूं नये. जो शेजारी ख्रिस्ती नाहीं त्याच्या घरीं सुखदुःखाला जावें, शेजारी म्हणूनच जावें. त्यानें आपल्या श्रद्धेविषयीं विचारलें तर सरळ उत्तर द्यावें. न विचारलें तर चहा पिऊन यावें.

मंडळींतील घरीं जातांना मिस्सेला कां येत नाहीं, हा प्रश्न पहिल्या भेटींत नको. दुसऱ्या भेटींतहि नको. कांहीं घरीं दार उघडणार नाहीं, कांहीं घरीं आपल्यालाच चार शब्द ऐकावे लागतील, आणि ते बहुधा खरे असतील.

त्या यादींतील नांवें मीं वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून साक्रिस्तींत टेबलावर ठेविलीं आहेत. सभा संपल्यावर ज्यांना जावयाचें आहे त्यांनीं एकएक चिठ्ठी घ्यावी. शक्यतों आपल्या गांवाकडचें घर निवडूं नये. एक चिठ्ठी मीं माझ्यासाठीं काढून ठेविली आहे. समितीच्या सभासदांनीं पावतीपुस्तकें आज रात्रींच माझ्याकडे जमा करावींत. तीं बरोबर घेऊन कोणीं जाऊं नये.