मिस्त्रीला बोलावण्याआधी

(अकोल्यात तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अमरावतीचा, पण माझी आपा इथे अकोल्यात दिलेली आहे. आज जे सांगणार आहे ते तिच्या फ्रिजमुळे शिकलो. मी वकील नाही. हरलेला ग्राहक आहे, एवढीच माझी पात्रता.

आपाने गेल्या वर्षी मार्चमध्ये फ्रिज घेतला. वॉरंटी एक वर्षाची, कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची. पंधराव्या महिन्यात, ऐन मेमध्ये, फ्रिज थंड करेनासा झाला. अकोल्याचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू! अम्मी तेव्हा तिच्याकडेच होत्या, त्यांचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, वॉरंटी संपली, बोर्ड गेला असेल, साडेसहा हजार लागतील. आपा म्हणाली, अहो, दहा वर्षांची आहे ना? तर म्हणे ती कॉम्प्रेसरची, बोर्ड त्यात येत नाही. दुकानात फ्रिजच्या दारावर ‘दहा वर्षे’ केवढ्या मोठ्या अक्षरात चिकटवलेलं असतं, आठवा जरा.

दुल्हेभाईंनी मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने दुसऱ्या फ्रिजचा जुना बोर्ड बसवला, दोन हजार घेतले. वीस दिवसांत फ्रिज पुन्हा बंद. मग कळलं की गल्लीतल्या चाचींनी त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, तेच मॉडेल घेतलं होतं, आणि जूनमध्ये त्यांचाही बोर्ड गेला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. उत्तर एका ओळीत आलं: बाहेरच्या माणसाने फ्रिज उघडला आहे. मूळ बोर्ड शोधायला गेलो, तर तो भंगारात. बिल काढलं, तर उन्हाळ्यात त्या थर्मल कागदावरची अक्षरंच उडालेली. कोरा कागद.

आता कायद्याचं बघू. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन. ते संपतं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ची व्याख्या वॉरंटीवर थांबत नाही. कायद्याने किंवा कराराने, मग तो करार स्पष्ट असो की गृहीत, जो दर्जा राखायला हवा त्यात कमी पडलं की तो दोष. 1930 चा माल विक्री कायदाही विकलेल्या मालाच्या गृहीत दर्जाबद्दल बोलतो. म्हणून बनवतानाच राहिलेला दोष पंधराव्या महिन्यात उघडा पडला, तर ‘वॉरंटी संपली’ एवढ्याने विषय मिटत नाही.

मदरशात शिकलेल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, यात नवीन काय? आपल्या फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ आहेच. विकतानाच मालात असलेला पण खरेदीदाराला न दिसलेला ऐब नंतर सापडला, तर त्याला माल परत करण्याचा अधिकार. म्हणजे दोष दिसला कधी यापेक्षा तो होता कधीपासून, हा प्रश्न मोठा.

आणि इथेच आपली गाडी अडते. दोष पहिल्यापासून होता हे दाखवायचं कोणी? आपण. इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच धरतात आणि दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. आपल्याकडे अशी सवलत नाही. कंपनी म्हणणार, व्होल्टेज खालीवर झालं असेल. वऱ्हाडात ते होतंही, नाकारू कसं? मोबाइल पाण्यात पडला, टीव्हीला पोरांनी चेंडू मारला, यात कायदा काही करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून वस्तू बंद पडली की आधी सर्व्हिस सेंटरचा जॉब शीट घ्या. त्यात नेमका काय बिघाड आहे ते लिहून घ्या. पैसे द्यायचे नसतील तर देऊ नका, पण कागद घ्या. बिलाचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढा. तेच मॉडेल आणखी कोणाचं बिघडलंय का, विचारा. मग 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग अकोल्यातही आहे, अमरावतीतही. पूर्वी विकणाऱ्याच्या मागे जावं लागायचं. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे दावा टाकता येतो, मग विक्रेता बंगळुरूचा का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही भरता येतं. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आपल्याला भरावा लागू शकतो. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीनेच जा.

मुदत दोन वर्षांची, दाव्याचं कारण घडल्यापासून. ते बिघाडापासून मोजायचं की आणखी कधीपासून, हा वाद वकील घालत बसतील. तुम्ही खरेदीच्या तारखेपासून मोजा आणि त्याआधी जा.

इथे मोबाइल आणि फ्रिज दुरुस्त करणारे भाऊही बसलेत. रागावू नका, आमच्या घरांचा अर्धा संसार तुमच्यामुळे चालतो. पण उघडण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा विचारा, कंपनीकडे तक्रार केली का? काढलेला पार्ट पिशवीत घालून त्याच्याच हातात द्या. केलेल्या कामाची पावती द्या. तुम्ही पैसे घेऊन सेवा देता, तेव्हा हा कायदा तुम्हालाही लागू आहे.

आपाचा दावा बसला. पण चाचींचा नाही. त्यांच्याकडे दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून फ्रिज कोणी उघडलाच नाही. आज त्यात त्या डाळ-तांदूळ ठेवतात. बोर्ड जागेवर आहे. बिलाची दुसरी प्रत दुकानदाराने कॉम्प्युटरमधून काढून दिली. मार्चमध्ये खरेदीला दोन वर्षं होतील. तक्रारीचा कच्चा मसुदा मी सोबत आणलाय. सहीच्या आधी तो कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचायला हवा. ज्यांना जमेल त्यांनी चहा घेऊन इकडे या टेबलाशी या.