आधी हिरडी, मग दात

हैदराबादेतील दिलसुखनगरच्या हमरस्त्यावर, मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांस, दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात. शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधारी मंडळीही आता कवळीऐवजी हाडात बसविलेल्या दाताची चौकशी करतात. ‘दिवस किती लागतील?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. वास्तविक तो ‘हिरडी निरोगी आहे काय?’ असा असावयास हवा.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशावरील प्रयोगात टायटेनियम धातू हाडाशी एकजीव झालेला आढळला. १९६५ साली त्यांनी या धातूचे खुंट प्रथम माणसाच्या जबड्यात बसविले. त्यांच्या आधारावर कृत्रिम दात उभा राहतो. मात्र नैसर्गिक दात व हाड यांच्यामध्ये जिवंत तंतूंची जी गादी असते, ती या खुंटाभोवती नसते. त्यामुळे हिरडीची सूज तेथे हाडापर्यंत लवकर पोहोचते आणि घट्ट बसलेला दातही पुढे डळमळू लागतो. शेजारच्या रोगट दातांजवळील जंतू या सुजेस कारण होतात.

म्हणून पूर्वतयारी हवी. दंतवैद्य बारीक सळईने दात व हिरडी यांमधील फट मोजतात. ती साधारणतः ३ मिलिमीटरपर्यंत असावी व मोजताना रक्त येऊ नये. फट अधिक असल्यास दातांवरील व मुळांवरील कीटण काढून सुमारे ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करतात. कीटण काढल्याने दात हलतात, हा समज चुकीचा आहे. हाड आधीच झिजलेले असते, कीटण निघताच ते केवळ उघडकीस येते.

तंबाखू व मिश्री यांची सवय पुष्कळजण संकोचाने लपवितात. धूम्रपानाने तर हिरडीतून येणारे रक्तही कमी दिसते आणि रोग झाकला जातो. मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम भरण्यास विलंब होतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली औषधेही दंतवैद्यांस आवर्जून सांगावीत. घरी मऊ ब्रशने दोन वेळा दात घासणे आणि दातांमधील फटी रोज स्वच्छ करणे, हे रुग्णाचे स्वतःचे काम आहे.

वाफसा आल्यावाचून शेतकरी पेरणी करीत नाही. हिरडी बरी होईपर्यंत थांबा, असे सांगणारा दंतवैद्य रुग्णाचे दिवस वाया घालवीत नसतो. तो त्याचा दात व पैसा दोन्ही राखीत असतो.