नांव-पत्त्याची ठेव

ठेव हा शब्द मराठींत मुख्यतः पैशासाठीं रूढ झाला असला, तरी त्याचा अर्थ पैशापुरता नाहीं. एकानें विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली आणि मागतांच तशीच परत मिळावयाची वस्तु, ती ठेव. प्राचीन धर्मशास्त्रकारांनीं निक्षेप हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक मानलें. याज्ञवल्क्यस्मृतींत उपनिधि म्हणून त्याचाच एक सूक्ष्म प्रकार सांगितला आहे. आंत काय आहे हें न सांगतां, पेटींत बंद करून जी वस्तु दुसऱ्याच्या हातीं दिली जाते, ती उपनिधि. अशी वस्तु राजानें नेली, दैवानें नष्ट झाली किंवा चोरानें पळविली, तर ती सांभाळणारावर भरपाईचा बोजा पडत नसे. पण मालकानें मागूनहि ती दिली नाहीं आणि मग ती गेली, तर मोलहि द्यावें लागे आणि तितकाच दंडहि. आणि मालकास न विचारतां त्या ठेवीवर जो आपली उपजीविका चालवी, त्याला दंड होऊन ठेव व्याजासह परत करावी लागे.

इंग्रजी अंमलांत 1872 सालीं करार कायदा झाला. त्याच्या 151 व्या कलमानें हेंच तत्त्व नव्या भाषेंत मांडलें. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी दुसऱ्याची वस्तु सांभाळणारानें घेतली पाहिजे, असें तें कलम सांगतें. तेव्हां चोरी झाली एवढें सांगून सुटका होत नाहीं. दाराला कुलूप होतें काय, आणि किल्ली कोणाच्या हातीं होती, या दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींच लागतात.

ठाणें स्टेशनच्या पश्चिमेस असलेला नौपाडा ही मध्यमवर्गीयांची जुनी वस्ती. गोखले रोड आणि राम मारुती रोड या दोन रस्त्यांच्या आसपास बँका, दवाखाने, शिकवणीचे वर्ग, सराफांचीं आणि कापडाचीं दुकानें यांची दाटी आहे. येथील एखाद्या गृहस्थास त्यानें कोठें कोठें ठेव ठेवली आहे असें विचारलें, तर तो दोन-तीन बँकांचीं नांवें सांगेल. वास्तविक त्याच्या ठेवी शंभर ठिकाणीं पसरलेल्या असतात. दवाखान्यांत त्याच्या दुखण्याचा सारा इतिहास असतो. विमा कंपनीकडे त्याचें वय, उत्पन्न आणि वारसांचीं नांवें असतात. शिकवणीच्या वर्गांत मुलाचे गुण आणि पालकांचा पत्ता असतो. मोबाईलच्या कंपनीकडे तो कोणाशीं, केव्हां आणि किती वेळ बोलला याची नोंद असते. सदरा विकत घेतां घेतां दुकानदारालाहि तो आपला क्रमांक सांगून येतो. शंभर रुपये भरले तरी पावती मिळते, पण नांव, जन्मतारीख आणि अंगठ्याचा ठसा ठेवल्याची पावती कोणी देत नाहीं.

पैशाची ठेव आणि माहितीची ठेव यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ऑगस्ट 2018 मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेंत चोर शिरले. बनावट कार्डें वापरून अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे काढण्यांत आले, आणि सारें मिळून सुमारें 94 कोटि रुपये गेले. प्रसंग मोठा होता, परंतु ग्राहकांच्या खात्यांतील रक्कम सुरक्षित असल्याचें बँकेनें जाहीर केलें. त्याआधीं 2016 सालीं देशांतील सुमारें 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यांत आली, तेव्हां बँकांनीं लाखों कार्डें बदलून दिलीं. रुपयाच्या जागीं दुसरा रुपया ठेवतां येतो, कार्डाच्या जागीं दुसरें कार्ड देतां येतें. जन्मतारीख मात्र कोणालाहि बदलून देतां येत नाहीं. मधुमेहाची नोंद एकदां बाहेर पडली, कीं ती परत पेटींत घालतां येत नाहीं. शिवाय पैसा चोरीस गेला तर तिजोरी रिकामी दिसते. माहिती चोरीस गेली तरी ती मूळ जागीं जशीच्या तशी असते. म्हणून मालकाला चोरीचा पत्ताच लागत नाहीं.

ही चोरी नेहमीं कुलूप तोडूनच होते असें नाहीं. जानेवारी 2018 मध्यें ठाणें पोलिसांच्या गुन्हे शाखेनें दूरध्वनीच्या नोंदी बेकायदा मिळवून विकणारी एक टोळी उघडकीस आणली. कोणता क्रमांक कोणत्या क्रमांकाशीं बोलला, किती वेळ बोलला आणि बोलणारा त्या वेळीं कोणत्या मनोऱ्याच्या टापूंत होता, हें या नोंदींतून कळतें. कायद्याप्रमाणें या नोंदी तपासाच्या कामासाठीं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या मार्फतच मागवावयाच्या असतात. त्या प्रकरणांत अनेक खाजगी गुप्तहेरांना अटक झाली, आणि अटक झालेल्यांत पोलीस दलांतील एक शिपाईहि होता. आरोप खरे कीं खोटे हें ठरविणें न्यायालयाचें काम. परंतु जी नोंद सरकारी मागणीशिवाय बाहेर पडूं नये, ती पैसे मोजून मिळूं शकते, एवढें या प्रकरणानें ठाणेंकरांना दाखविलें. पतीपत्नींतील संशय असो कीं व्यापारांतील स्पर्धा, गिऱ्हाईक तयारच असतें.

बाहेर पडलेल्या माहितीचें पुढें काय होतें, याची कल्पना नौपाड्याच्याच एका प्रकरणावरून येते. 2023 सालीं पैशाची ऑनलाईन देवघेव करून देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेंत शिरून सुमारें 25 कोटि रुपये वळविल्याची तक्रार ठाण्याच्या श्रीनगर पोलीस ठाण्यांत नोंदविली गेली. तो पैसा कोणत्या खात्यांतून कोठें गेला याचा माग काढतां काढतां तपास शेंकडों बँक खात्यांपर्यंत पोंचला, आणि ऑक्टोबर 2023 मध्यें नौपाडा पोलीस ठाण्यांत निराळा गुन्हा दाखल झाला. त्या खात्यांतील उलाढालीचा पोलिसांनीं त्या वेळीं सांगितलेला आंकडा 16,180 कोटि रुपयांचा होता. हा आंकडा वर्तमानपत्रांतून सर्वत्र गाजला. खरें महत्त्व मात्र दुसऱ्याच गोष्टीला आहे. बनावट दस्तऐवजांच्या आधारें भागीदारी संस्था उभ्या करून त्यांच्या नांवानें खातीं चालविलीं, असा आरोप या प्रकरणांत आहे. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर खातें उघडलें गेलें, तर चोर पडद्याआड राहतो, आणि पोलीस प्रथम ज्याचें नांव त्याच्याच दारांत येतात. ज्यानें आयुष्यांत लाखाची रक्कम एकत्र पाहिली नाहीं, त्याला कोट्यवधींचा जाब द्यावा लागतो. निरपराध माणसाला ‘हा मी नव्हे’ हें सिद्ध करीत फिरावें लागावें, ही पैशाच्या हानीहून मोठी हानि आहे.

संस्थांचा आणखी एक दोष आहे, तो म्हणजे संग्रहाची हांव. मे 2021 मध्यें एअर इंडियानें जाहीर केलें, कीं तिच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या परदेशी कंपनीच्या यंत्रणेंतून जगांतील सुमारें 45 लाख प्रवाशांची माहिती फुटली. तींत नांवें, जन्मतारखा आणि पारपत्राचा तपशील होता. या नोंदी ऑगस्ट 2011 पासून फेब्रुवारी 2021 पर्यंतच्या होत्या. प्रवास चार तासांचा आणि नोंद साडेनऊ वर्षांची! तिकिटाचें काम संपल्यावर अनावश्यक मजकूर पुसला असता, तर चोराच्या हातीं फारच थोडें लागलें असतें. शिवाय विमानकंपनीला पहिली सूचना फेब्रुवारीच्या अखेरीस मिळाली होती. प्रवाशांपर्यंत ती वार्ता पोंचेपर्यंत उन्हाळा सरत आला.

कायद्यानें या विषयाची दखल उशिरा घेतली. 24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. त्यानंतर 11 ऑगस्ट 2023 रोजीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. माहिती बाळगणाऱ्या संस्थेला त्यानें दिलेलें इंग्रजी नांव विश्वस्त या अर्थाचें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ज्या कामासाठीं माहिती घेतली तें काम संपल्यावर ती पुसावी, वाजवी बंदोबस्त ठेवावा, आणि माहिती फुटली तर ज्याची त्याला विनाविलंब, साध्या भाषेंत कळवावें, अशीं कर्तव्यें या कायद्यानें आणि नोव्हेंबर 2025 च्या नियमांनीं घातलीं. मुख्य कर्तव्यें नियमांनंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावीं, असें ठरलें. बंदोबस्तांत कसूर झाल्यास 250 कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि या दंडांतील एक पैहि ठेव गमावणाराच्या हातीं पडत नाहीं. तो सारा सरकारी तिजोरींत जमा होतो. पूर्वीच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या 43-अ कलमाप्रमाणें हयगय करणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागतां येत असे. नव्या कायद्यानें तें कलम गाळण्याची तरतूद केली. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटहि त्यांत ठेवलेली आहे. म्हणजे स्मृतिकाराचा राजा अजून मोकळाच, आणि ज्याची पेटी गेली तो मात्र जुन्या काळापेक्षांहि रिकाम्या हातानें परतणार. दंडानें संस्थेला धाक बसेल. परंतु ठेवीदाराचें समाधान होण्यास भरपाईचा हक्क पुनः मिळाला पाहिजे.

तोंपर्यंत गृहस्थानें कांहीं साध्या संवयी लावून घेणें हिताचें आहे. आधारची प्रत देणें भाग पडल्यास शेवटचे चारच आंकडे दिसणारी प्रत सरकारी संकेतस्थळावरून काढून द्यावी. छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठीं आणि कोणत्या तारखेस दिली हें ठळक अक्षरांत लिहावें. आपल्या नांवावर किती मोबाईल जोडण्या आहेत हें सरकारच्या ‘संचार साथी’ वर पाहतां येतें. आपल्या नांवावर कोणीं कर्ज काढलें आहे काय, हें वर्षांतून एकदां फुकट मिळणाऱ्या कर्जनोंदीच्या अहवालावरून कळतें. फसवणूक ध्यानांत येतांच 1930 या क्रमांकावर कळवावें, कारण अशा वेळीं मिनिटामिनिटाला मोल असतें. आणि दुकानदारानें क्रमांक मागितला, तर तो कशासाठीं असा प्रश्न शांतपणें विचारावा. त्यांत अशिष्टपणा मुळींच नाहीं.

पण गृहस्थाची सावधगिरी कुंपणापर्यंतच पोंचते. पेटी दुसऱ्याच्या घरांत गेल्यावर तिची जबाबदारी त्या घरधन्याची. नौपाड्यांतील लहानशा दवाखान्यापासून देशांतील मोठ्या विमानकंपनीपर्यंत सर्वांना एकच कसोटी लावतां येईल. जरुरीपुरतें मागावें, काम होतांच पुसावें, आणि गेलें तर त्याच दिवशीं सांगावें. पतपेढीचा जुना कारकून दिवसाचा हिशेब एका पैशानें चुकला, तरी तो जुळेपर्यंत घरीं जात नसे. लोकांच्या नांवांचा, वयांचा आणि दुखण्यांचा हिशेब त्याच चोखपणानें ठेवला जावा, इतकीच अपेक्षा आहे. ज्याला तो ठेवतां येत नसेल, त्यानें ती पेटी मुळांत मागूंच नये.