सामाजिक प्रारूप आणि बौद्धिक अक्षमता



अपंगत्वाचे ‘सामाजिक प्रारूप’ आपण अभ्यासले असेल. शारीरिक उणीव ही एक बाब आणि समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांमुळे येणारे अपंगत्व ही दुसरी, हा भेद त्याच्या मुळाशी आहे. १९७६ मध्ये ब्रिटनमधील शारीरिक अपंगांच्या एका संघटनेने ही भूमिका मांडली. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी तिला हे नाव दिले. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पायऱ्या अडवतात आणि रॅम्प बांधला की वाट मोकळी होते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

या मांडणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती मात्र दीर्घकाळ कडेलाच राहिल्या. त्यांची अडचण त्यांच्या बुद्धीतच आहे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः त्यांच्याही वाटेत पायऱ्या आहेत. बँकेचा क्लिष्ट अर्ज, कर्मचाऱ्याची घाई आणि त्यांना वगळून सोबतच्या नातेवाइकाला विचारले जाणारे प्रश्न या त्या पायऱ्या होत. सोपी भाषा, सचित्र माहिती, पुरेसा वेळ आणि विश्वासू साहाय्यक हा त्यांच्यासाठीचा रॅम्प होय. १९७४ मध्येच अमेरिकेतील ओरेगन राज्यात अशा व्यक्तींनी ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ उभारून स्वतःची बाजू स्वतः मांडली होती.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत ‘मतिमंदत्व’ होते. वाचन-लेखनाशी निगडित विशिष्ट अध्ययन अक्षमता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने प्रकारांची संख्या २१ केली व अध्ययन अक्षमतेलाही स्थान दिले. संवादाच्या व्याख्येत सोप्या भाषेचा समावेश केला. कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता बाळगण्याचा, आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमतेचा हक्क आहे. कलम १४ मधील मर्यादित पालकत्व विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालावयाचे आहे. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमातील पालक-नियुक्तीची तरतूदही कायम आहे. एक कायदा निर्णयासाठी आधार देऊ पाहतो, तर दुसऱ्यात पालकाकडे निर्णय सोपविण्याची वाट खुली राहते.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात असतील. अशी व्यक्ती समोर आली, तर पहिला प्रश्न तिलाच विचारावा, सोप्या शब्दांत विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. कलम १३ ची अंमलबजावणी तेथूनच सुरू होते.