अर्धा गुडघा किती वर्षे टिकतो?



मागच्या खेपेला आपण गुडघेदुखीबद्दल बोललो. तेव्हा कुणीतरी विचारले, "आता म्हणे गुडघा अर्धाच बदलतात. मग तो टिकतो तरी किती?" प्रश्न अगदी रास्त आहे. ऑपरेशनसाठी कुणी दुभती म्हैस विकतो, कुणी रान गहाण टाकतो. तो पैसा किती वर्षांसाठी घातला, हे कळायला नको का?

आधी गुडघा पाहू. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे. दोन्हींच्या टोकांना गुळगुळीत आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. हाच झिजेचा संधिवात. पुष्कळांचा गुडघा आतल्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूने, आधी झिजतो. पाय धनुष्यासारखे बाकतात. बाहेरची बाजू मात्र शाबूत राहते.

घराच्या एका अंगाची कौले फुटली, तर आपण सगळे छप्पर उतरवतो का? नाही. तेवढीच कौले बदलतो. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे जॉन गुडफेलो हे सर्जन आणि जॉन ओ'कॉनर हे इंजिनिअर यांनी मिळून असाच एक सांधा तयार केला. वर धातू, खाली धातू, मधे प्लास्टिकची सरकती चकती. १९८२ सालापासून तो गुडघ्याच्या एकाच बाजूला बसवू लागले. आज असे सांधे आणखीही प्रकारचे मिळतात.

अर्ध्या गुडघ्याचे ऑपरेशन लहान. माणूस लवकर हिंडू लागतो, गुडघाही बरा वाकतो. ब्रिटनमध्ये २७ इस्पितळांतील ५२८ रोग्यांवर एक मोठी पाहणी झाली. काहींचा अर्धा गुडघा बदलला, काहींचा पुरा. पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१९ साली निकाल आला. दुखणे कमी होणे आणि चालणे सुधारणे, यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. खर्च अर्ध्याचा कमी.

पण पाच वर्षे म्हणजे काही फार नव्हेत. पुढे काय होते?

काही देशांत बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची नोंद वहीत ठेवतात. आपल्या गावात जन्म-मृत्यूची ठेवतात ना, तशीच. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड इथल्या अशा नोंदी तपासून २०१९ साली हिशेब मांडला गेला. पुरे बदललेले १०० गुडघे घेतले, तर १५ वर्षांनी ९३ जागच्या जागी होते. अर्धे बदललेल्या १०० पैकी सुमारे ७७. पंचवीस वर्षांनी पुरे ८२, तर अर्धे ७०. बाकीच्यांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले.

म्हणजे अर्धा गुडघा वाईट का? इतके सोपे नाही. कधी शाबूत ठेवलेली दुसरी बाजूच पुढे झिजते. कधी धातू हाडापासून सुटतो, कधी ती चकती निसटते. शिवाय अर्ध्याचा पुरा करणे हे पुऱ्या गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा बहुधा सोपे असते. म्हणून थोडे दुखले तरी डॉक्टर ते करायला लवकर तयार होतात. आकडा वाढण्याचे हेही एक कारण आहे. दुसरे असे, की इंग्लंडातल्या नोंदींत अर्ध्या गुडघ्यानंतर रक्ताच्या गाठी होणे, जंतू शिरणे, जीव दगावणे, हे प्रकार कमी दिसले.

वयही पाहावे लागते. पन्नाशीतल्या माणसाला पुढे पुष्कळ चालायचे असते. त्याच्या वाट्याला दुसरे ऑपरेशन येण्याचा संभव सत्तरीतल्या माणसापेक्षा जास्त. मग निवड कशी करायची? आमच्या मते, डॉक्टरांना तोंडावर विचारावे: "साहेब, झीज एकाच बाजूला आहे ना? गुडघ्यातले बंध धड आहेत ना? असली अर्ध्या गुडघ्याची ऑपरेशने तुम्ही वर्षाला किती करता?" शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते खरी. पण जे डॉक्टर ही ऑपरेशने क्वचितच करतात, त्यांच्या रोग्यांना दुसऱ्या ऑपरेशनची पाळी जास्त येते, असे नोंदी सांगतात. सगळ्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात असेल, तर अर्धा गुडघा बदलत नाहीत. उकिडवे बसून निंदणी करता येईल का, मांडी घालून जेवता येईल का, हेही आधीच विचारा. सगळ्यांना एकच उत्तर मिळणार नाही.

आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

आणि एक. ऑपरेशननंतर इस्पितळातून कागद मिळतात. त्यावर सांध्याच्या खोक्यावरची चिठ्ठी चिकटवलेली असते. कंपनीचे नाव, माप, नंबर त्यात असतो. चिठ्ठी नसेल तर मागून घ्या. सातबारा ठेवता त्याच पेटीत हा कागद ठेवा, आणि कुठे ठेवला ते घरच्यांना सांगून ठेवा. पंधरा वर्षांनी गुडघा उघडायची वेळ आली, तर आत काय बसवले आहे हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.