मौनव्रती संत योहान
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हणजे नांवें घेण्याचा दिवस. ज्यांनीं हें देऊळ उभारिलें, ज्यांनीं द्रव्य दिलें, ज्यांनीं आम्हांस देवाचा मार्ग दाखविला, त्यांचें स्मरण आज आपण केलें, आणि तें उचितच झालें. परंतु ज्यांनीं आपलें नांव व पद झांकून ठेवण्यासाठींच आयुष्य वेंचिलें, अशा एका संताची ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटतें.

संत योहान यांचा जन्म इ. स. ४५४ मध्यें आर्मेनियांतील निकोपोलिस नगरांत झाला. घराणें श्रीमंत व मानाचें. आईबाप निवर्तल्यावर, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं पवित्र मरियेच्या नांवानें एक मंदिर बांधिलें व दहा सोबत्यांसह मठवास पत्करिला. अठ्ठाविसाव्या वर्षीं, स्वतःची इच्छा नसतां, त्यांस कोलोनियाचे बिशप करण्यांत आलें. नऊ वर्षें त्यांनीं तो भार वाहिला. अंगावर बिशपाचीं वस्त्रें, पण नेम सारे संन्याशाचे.

पुढें त्यांच्या बहिणीचा पति प्रांताचा अधिकारी झाला व ख्रिस्तसभेच्या कारभारांत हात घालूं लागला. तेव्हां योहान यांनीं राजधानी कॉन्स्टंटिनोपल गांठिली आणि बादशहा झेनो याजकडून आपल्या ख्रिस्तसभेस संरक्षण मिळविलें. तें कार्य संपतांच, कोणास न कळवितां, ते यरुशलेमेस निघून गेले. तेथून ४९१ सालीं ते संत साबा यांच्या मठांत आले. हा मठ बेथलेहेमच्या पूर्वेस किद्रोनच्या ओसाड दरींत आहे, व तो आजही नांदता आहे.

तेथें या अनोळखी माणसास काम कोणतें मिळालें? ओढ्याचें पाणी आणणें, गवंड्यांसाठीं स्वयंपाक करणें, पाहुण्यांच्या घराच्या बांधकामास धोंडे वाहणें! ज्या हातांनीं लोकांस आशीर्वाद दिला, तेच हात मुकाट्यानें चुलीशीं राबूं लागले.

कांहीं वर्षांनीं त्यांचा सदाचार पाहून साबा यांनीं त्यांस गुरुदीक्षा देवविण्याचें ठरविलें व यरुशलेमचे पेट्रिआर्क एलिया यांजपुढें उभें केलें. आतां लपणार कसें? योहान यांनीं एकांत मागून घेतला, आणि कोठें वाच्यता न करण्याच्या अटीवर आपण बिशप आहों हें सांगितलें. एलिया चकित झाले. त्यांनीं साबांना एवढेंच कळविलें कीं, या मनुष्यास दीक्षा देतां येत नाहीं. शिष्याच्या हातून कांहीं घोर पाप घडलें असावें, अशा समजुतीनें साबा दुःखी होऊन रडले व प्रार्थनेस लागले. तेव्हां दर्शनांत त्यांस खरें कळलें, असें चरित्रकार सांगतो. त्यांनीं शिष्यास पोटाशीं धरिलें व गुपित पाळण्याचें वचन दिलें. त्यानंतर योहान आपल्या कोठडींत मौन धरून राहिले. याच मौनामुळें त्यांस ‘मौनव्रती’ हें नांव पडलें.

येथें कोणी विचारील, मेंढपाळानें कळप सोडून जावें काय? प्रश्न क्षुल्लक नाहीं. थकलेल्या प्रत्येकानें कर्तव्य टाकून जावें, असा याचा अर्थ आम्ही कधींही करणार नाहीं. परंतु योहान यांनीं आधीं कळपाचें रक्षण केलें, मग मान सोडिला; आणि वनवासांतही आपल्याकडे येणाऱ्यास त्यांनीं दूर लोटिलें नाहीं. ५४३ सालीं सिरिल नांवाचा एक तरुण, आईच्या सांगण्यावरून, त्यांच्या सल्ल्यास आला. योहान यांनीं त्यास संत युथिमियस यांच्या मठांत जाण्यास सांगितलें. तरुणानें तें न मानितां यार्देनेकांठचा मठ धरिला, व तेथें महिनेच्या महिने आजारी पडला. अखेर तो वृद्ध गुरूंच्या शब्दावर आला. पुढें त्याच सिरिलनें त्यांचें चरित्र लिहिलें. म्हणूनच लपलेला हा दिवा आज आपल्याला दिसतो.

शंभरी ओलांडून, ५५९ च्या सुमारास, योहान देवाघरीं गेले. जुन्या रोमी संतनामावलींत १३ मे हा त्यांचा दिवस होता, व पूर्वेकडील ख्रिस्तसभाही त्यांचें स्मरण करिते. आराधना एका देवाचीच. संतांस आपण मान देतों तो देवानें त्यांच्यांत केलेल्या कृपेसाठीं. मात्र ज्यानें मान टाकिला त्यास केवळ मान देऊन भागेल काय? त्याचा खरा सन्मान अनुकरणानें होतो.

या देवळाच्या पायांत असे धोंडे आहेत कीं ज्यांवर कोणाचेंही नांव कोरलेलें नाहीं, आणि भिंती त्यांच्याच आधारानें उभ्या आहेत. अंगण झाडणारी म्हातारी, पाणी भरणारा गडी, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारी माउली, यांचीं नांवें आजच्या यादींत नसतील. आपण घरीं परततांना त्यांतील एकाची तरी विचारपूस करूं या. आणि पुढील वर्षांत एक तरी सत्कृत्य असें करूं या, कीं जें फक्त देवास ठाऊक असेल.

संत योहान आपणांकरितां विनंती करोत. आमेन.